ड वर्गाचं वाचनालय

महाराष्ट्रात सरकारी अनुदानावर चालणारी सार्वजनिक वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, पण ती सरकारची नव्हेत. गावातल्या चार माणसांनी संस्था नोंदवायची, खोली मिळवायची, पुस्तकं जमवायची आणि मग मान्यतेसाठी अर्ज करायचा. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाची घडण अशी आहे. मान्यता मिळाली की पुस्तकं, सभासद, कामाचे तास पाहून वर्ग ठरतो: अ, ब, क किंवा ड.

ड म्हणजे शेवटची पायरी. ग्रामपंचायतीला किंवा समाजमंदिराला लागून एखादी खोली, दोन-तीन लोखंडी कपाटं, दाराशी वर्तमानपत्रांचं टेबल. या वाचनालयाला 2022 पर्यंत वर्षाला 30 हजार रुपये मिळत. निम्मे वेतनावर आणि निम्मे बाकी सगळ्यावर, असा दंडक. वेतनाच्या 15 हजारांना बाराने भागलं की महिन्याला साडेबाराशे होतात. शेतावर चार-पाच दिवस मजुरीला गेलं तरी एवढे सुटतात. 2022 मध्ये सरकारने अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा हा आकडा दोन हजारांवर गेला. या पगारात ग्रंथपालाने वाचनालय रोज उघडायचं, झाडायचं, दाखलनोंद वही आणि देवघेव लिहायची, तपासणीला अधिकारी आले की पुस्तकं मोजून दाखवायची. ‘ग्रंथपाल’ हा भारदस्त शब्द तिथे थोडा ओशाळतो.

उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, बांधणी, वीजबिल, लेखापरीक्षण. अनुदानाचा हप्ता उशिरा आला तर वर्षाची पुस्तकखरेदी मार्चअखेर उरकली जाते, आणि घाईच्या खरेदीत वाचकाला काय हवं हे विचारायला कोण थांबतो? हवं असतं ते सहज दिसतं. सकाळी वर्तमानपत्रांपाशी म्हातारी माणसं असतात. दुपारनंतर पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षांची मुलं येतात. घरात अभ्यासाला जागा नाही आणि चालू वर्षाचं पुस्तक विकत घेणं परवडत नाही, अशांसाठी ही खोली म्हणजे शहरातल्या मुलाशी बरोबरी करायची एकमेव संधी. त्यांना पाच वर्षांपूर्वीची सामान्यज्ञानाची पुस्तिका देऊन काय उपयोग?

तरीही, माझ्या मते, रक्कम तुटपुंजी असणं हा दुय्यम दोष. मोठा दोष असा की पैसा संस्थेच्या कार्यकारी मंडळामागे जातो. जिथे कागदपत्रं करणारी, जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालणारी माणसं आहेत तिथे वाचनालय होतं. आदिवासी पाड्यावर, ऊसतोड कामगारांच्या तांड्यावर मंडळच उभं राहत नाही. वाचनालय काढण्याची जबाबदारी सरकारवर नसल्यामुळे तिथे ते नाही म्हणून जाब तरी कोणाला विचारणार? तमिळनाडू आणि कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो. आपल्याकडे तोही नाही. सगळं दर वर्षीच्या अर्थसंकल्पावर. त्यात 2012 च्या राज्यव्यापी पडताळणीनंतर बरीच वर्षं नव्या वाचनालयांना मान्यता मिळणंच थांबलं. ज्यांचं आधी झालं त्यांचं झालं.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच ग्रंथालयाचा कायदा केला होता. त्याहून आधीचा प्रयोग बडोद्याचा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेला माणूस पुढे वाचणार काय, म्हणून 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून त्यांनी ग्रंथालयांचं स्वतंत्र खातं काढलं. गावच्या वाचनालयाचा हिशेब तिघांत वाटलेला होता: एक वाटा गावकऱ्यांचा, तेवढाच प्रांत पंचायतीचा, तेवढाच सरकारचा. म्हणजे गावाने हात हलवायचे ही अट तिथेही होतीच.

पण बडोदा तेवढ्यावर थांबलं नाही. फिरत्या वाचनालयाच्या कुलूपबंद लाकडी पेट्या मागणीप्रमाणे गावोगाव जात. वाचणाऱ्याकडून वर्गणी नाही, आणि पेटीची ने-आणही सरकारच्या खर्चाने. ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांच्यासाठी चित्रं आणि चलच्चित्रं दाखवणारी वेगळी शाखा होती. बॉर्डन यांनी बडोद्यात ग्रंथपालांसाठी वर्ग चालवला, आणि खात्याचं नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघे. तीन वर्षांनी बॉर्डन परत गेले, तरी खातं चालत राहिलं. पेट्या भरणारी आणि त्यांचा हिशेब ठेवणारी माणसं संस्थानाच्या पगारावर होती.