प्रेअरी डॉग : बहिणीची पिल्लं मारणारी मादी बहिणीला सोडून का जात नाही?

दोन गुबगुबीत प्राणी मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांचं चुंबन घेतायत, अशी रील तुमच्याही फीडवर आली असेल. हे अमेरिकेच्या गवताळ मैदानांतले प्रेअरी डॉग. भुंकल्यासारखा आवाज काढतात म्हणून नावात 'डॉग', बाकी हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी. आणि ते चुंबन म्हणजे ओळखपरेड असते. समोरचा आपल्या घरातला की परका?

एका घरात साधारण एक नर, तीन-चार माद्या आणि पिल्लं. आई, मुली, बहिणी, मावश्या जन्मभर एकत्र राहतात. नर मात्र वयात आला की घर सोडतो. थोडक्यात, इथे सासरी जातो तो मुलगा!

जॉन हूगलँड या शास्त्रज्ञाने १९७५पासून साऊथ डाकोटातल्या विंड केव्ह नॅशनल पार्कमध्ये काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. शेजारच्या बिळातून बाहेर येणाऱ्या मादीच्या तोंडाला रक्त दिसायचं. हिशेब मांडल्यावर कळलं, की सुमारे ३९ टक्के वितींमधली काही किंवा सगळी पिल्लं अशी मारली जातात. मारणाऱ्या बहुतेक वेळा घरातल्याच, स्वतः पिल्लांना दूध पाजणाऱ्या माद्या. वाटेकरी कमी होतात, खायलाही मिळतं. गंमत म्हणजे सहाएक आठवड्यांनी जगलेली पिल्लं वर आली, की याच माद्या एकमेकींच्या पिल्लांनाही दूध पाजतात.

मग अशा घरातून मादीने पळ काढायला हवा ना? हूगलँड यांनी २०१३ साली मांडलेलं उत्तर उलटं आहे. आई-बहिणी असेपर्यंत मादी तिथेच राहते. त्या सगळ्या नाहीशा झाल्या, की ती निघून जाण्याची शक्यता कितीतरी वाढते. ससाणा दिसल्यावर ओरडणारं, हद्द राखणारं कुणीतरी आपलं लागतं.

हे फक्त भावनिक प्रकरण नाही. १८९६ साली मुंबईत पोहोचलेली प्लेगची जागतिक साथ १९००च्या सुमारास जहाजांतून अमेरिकेतही गेली आणि तिथल्या रानात मुरली. पिसवांमार्फत ती वसाहतीत शिरली, तर ९० टक्क्यांहून जास्त प्राणी मरू शकतात. उरलेल्या एखाद्या मादीला थांबायला कारणच राहत नाही, म्हणून मला वाटतं, रोगातून वाचलेली वसाहतही मोडू शकते. त्यांच्यावरच जगणारं दुर्मिळ काळ्या पायांचं फेरेट मग उपाशी मरतं. त्यामुळे तिथे बिळांत पिसवा मारायची पावडर फवारतात, पीनट बटरच्या चवीच्या लसीच्या गोळ्याही टाकून पाहिल्यात.