रोलची सवय डिजिटलमध्ये उलटी का पडते?

३६ फोटोंचा रोल जपून वापरणाऱ्या हौशी फोटोग्राफर मंडळींनी डिजिटल कॅमेरा हातात घेतला, तेव्हा त्यांना एक जुनी सवय मोडावी लागली. निगेटिव्हच्या रोलला ‘उजेड थोडा जास्तच द्या’ असा नियम होता. जास्त उजेडाने निगेटिव्ह गडद होते, पण तपशील बऱ्यापैकी टिकतो. प्रिंट काढताना सावरून घेता येतं. उजेड कमी पडला तर सावलीत काहीच उमटत नाही. (स्लाइडचा रोल वापरणारे सुटले, त्यांना जास्त उजेडाची धास्ती आधीपासूनच होती.)

सेन्सरचं उलटं आहे. प्रत्येक पिक्सेल म्हणजे प्रकाशाची बादली समजा. ती काठोकाठ भरली की पुढचा प्रकाश मोजलाच जात नाही; जेपीईजीमध्ये तिथे सरळ २५५, म्हणजे कोरा पांढरा. मग कुठलंही ॲप लावा, गेलेला तपशील परत येत नाही. अंधारा भाग मात्र उजळता येतो, फार तर दाणेदार दिसेल.

नागपूरच्या मे महिन्यातल्या भर दुपारी दीक्षाभूमीचा पांढरा घुमट बाहेरून टिपून बघा. स्क्रीनवर घुमटावर बोट टेकवा आणि बहुतेक फोनमध्ये शेजारी दिसणारा सूर्य खाली ओढा. झाडं काळपट वाटतील, वाटू द्या. एचडीआर मदत करतो, कारण तो अनेक फोटो जोडून एक बनवतो. पण हलणारी माणसं त्यात कधीकधी दुहेरी उमटतात.