"आपा, तुम्ही तर आपल्यातल्याच ना?"

सरकारी रुग्णालयाच्या बाकावर ती बाई माझ्या शेजारी बसली होती. आत तिच्या तेरा वर्षांच्या मुलीची तपासणी चालू होती. आत जाताना मुलीने आईचा नाही, शाळेतल्या बाईंचा हात धरला होता. आई बराच वेळ तसबीहचे मणी ओढत गप्प राहिली. मग माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे बघून हळूच म्हणाली, "आपा, तुम्ही तर आपल्यातल्याच ना? मग हे मिटवून टाका. पोलीस-कोर्ट कशाला?"

हे काम करायला लागून मला दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्याचा राग येत नाही. त्यामागची भीती दिसते. (या लेखातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे तपशील मी बदलले आहेत. पीडितेची ओळख उघड करणं हा कायद्यानेही गुन्हा आहे.)

माझ्या कामाला कायद्याच्या भाषेत 'सपोर्ट पर्सन' म्हणतात. मुलांवरील लैंगिक अत्याचारांचा पॉक्सो कायदा 2012 साली आला. तपास आणि खटला चालू असताना मुलाच्या सोबतीला एक माणूस असावं, अशी तरतूद त्याच्या नियमांत आहे. बालकल्याण समिती ही नेमणूक करते. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या सोबतीवर भर देत निर्देश दिले.

मी वकील नाही. खटला सरकारी वकील चालवतात. मी पोलीस नाही आणि काझीही नाही. मुलीने काय सांगायचं हे मी कधीही शिकवत नाही. तसं केलं तर खटला बिघडतो आणि मुलीचे स्वतःचे शब्दही हरवतात. माझं काम एवढंच, की पुढे काय होणार आहे ते तिला आधी समजावून सांगायचं, ते होत असताना शेजारी बसायचं आणि झाल्यावर तिला घरी पोहोचवायचं. मधल्या काळात शाळा सुटू नये, औषध चुकू नये, तारीख विसरू नये, हे बघायचं.

त्या आईला मी म्हटलं, "हो, मी आपल्यातलीच आहे. म्हणूनच मिटवणार नाही."

अत्याचार करणारा मुलीच्या खालाचा नवरा होता. ही आई विधवा. घराचं भाडं तोच भरायचा, ईदचे कपडे तोच आणायचा. मुलीने घरी कोणाला सांगितलं नाही. शाळेतल्या बाईंना सांगितलं. बाईंनी पोलिसांना कळवलं, कारण पॉक्सोमध्ये ते बंधनकारक आहे. माहिती असून न कळवणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. आईला वाटत होतं की बाईंनी घर मोडलं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे वार्षिक अहवाल बघितले, तर बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. नातलग, शेजारी, घरी येणारा-जाणारा. आपण मुलींना अंधाऱ्या गल्लीची भीती घालतो आणि उजेडातल्या बैठकीच्या खोलीबद्दल काहीच बोलत नाही.

सोबतीची ही गरज एकाएकी कोणाच्या लक्षात आलेली नाही. त्यामागे आपल्याच महाराष्ट्रातली एक मुलगी आहे. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती असावी, असा तो तर्क होता. त्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. मुंबईत 1980 मध्ये बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. 1983 साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असं न्यायालयात सांगितलं, तर न्यायालय तिचं म्हणणं गृहीत धरून चालेल, ही तरतूद आली. बंद दालनातली सुनावणी आली आणि पीडितेचं नाव छापण्यावर बंदी आली.

पण कायदा बदलला तरी बाकावर बाई एकटीच बसलेली होती. पुढे मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र सुरू केलं. 'मजलिस' या महिला वकिलांच्या संस्थेने पीडितांना पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत सोबत देण्यासाठी 'राहत' हा उपक्रम चालवला. दिलासा आणि राहत, दोन्ही शब्द आपल्या घरातले. त्या बाकावर नेमकी त्याच दोन गोष्टींची गरज असते.

त्या दिवशी डॉक्टरांनी आधी मुलीला विचारलं, "तपासू का?" नकार द्यायचा हक्क तिला होता. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. पूर्वी केली जाणारी दोन बोटांची चाचणी आता कोणीही करू शकत नाही. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. उपचार सरकारी असोत की खाजगी रुग्णालयातले, ते मोफत आणि ताबडतोब द्यावे लागतात. आधी पोलिसांचा कागद आणा, असं कोणी म्हणू शकत नाही.

मुलीचा जबाब घ्यायला महिला अधिकारी साध्या कपड्यांत आल्या. तो पोलीस ठाण्यात नाही, शाळेतल्या बाईंच्या घरी झाला. आपल्याला हवी ती जागा मुलीला सांगता येते. तिला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. हे आईला कळलं तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा थोडा सैल झाला. तिच्या डोळ्यांपुढे लॉकअप होतं.

आठवड्याने मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी बैठक बोलावली. मलाही निरोप आला. मी गेले. प्रस्ताव तयार होता. खालू शहर सोडून जाईल, मुलीच्या लग्नाचा खर्च देईल, तक्रार मागे घ्यावी. मी सांगितलं, हा गुन्हा समझोत्याने मिटवता येत नाही; कायद्यात तशी वाटच नाही. एकजण म्हणाले, "आधीच आपल्या नावाने बोंब. त्यात हे पेपरात आलं तर?" ही काळजी खोटी नव्हती. आरोपी आपल्यातला असेल तर बिरादरीच्या बदनामीची भीती, बाहेरचा असेल तर दंगलीची. दोन्ही वेळा गप्प बसायला सांगितलं जातं ते मुलीलाच. मी म्हटलं, "चाचा, बिरादरीची इज्जत सांभाळायचं ओझं तेरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर कसं टाकायचं?"

मग एका बुजुर्गांनी चार साक्षीदारांचा विषय काढला. मी आलिमा नाही. पण अब्बांजवळ बसून जे शिकले ते बोलले. सूरह नूरमधली ती अट स्त्रियांवर खोटे आळ घेणाऱ्यांना रोखण्यासाठी आहे. स्त्रीला ढाल म्हणून दिलेली गोष्ट तिच्याच तोंडावर कुलूप म्हणून कशी लावायची? प्रेषितांच्या (स.) काळात नमाजला निघालेल्या एका स्त्रीवर अत्याचार झाला आणि तिने तक्रार केली, तेव्हा तिला दोष दिला गेला नाही. ही हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. बळजबरी जिच्यावर झाली तिचा गुनाह नाही, हे आपल्या फिकहमध्येही मान्य आहे. आणि सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष मायबापांच्या, नातलगांच्या विरोधात गेली तरी द्यायला सांगितलं आहे.

खोलीत शांतता पसरली. पडद्यामागून आईचा आवाज आला, "आणि भाडं कोण भरणार?"

खरा प्रश्न तोच होता आणि त्याचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं. राज्य सरकारची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून त्यात अर्थसाहाय्य मिळतं. पॉक्सो न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेशही देऊ शकतं. दोन्हींसाठी आम्ही अर्ज केले. पण अर्ज म्हणजे पुढच्या महिन्याचं भाडं नव्हे. गंमत अशी, की बैठकीत गप्प राहिलेल्या एका चाचांनीच दुसऱ्या दिवशी भावाच्या चाळीतली खोली बघून दिली. आई शिलाईचं काम घेऊ लागली. तिची बहीण, म्हणजे मुलीची खाला, अजूनही तिच्याशी बोलत नाही. मी आकडे आणि कलमं सांगू शकते. दोन बहिणींमधली ही जागा भरून देऊ शकत नाही.

मुलीची साक्ष व्हायला बराच काळ गेला. कायद्याप्रमाणे न्यायालयाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण व्हायला हवा. प्रत्यक्षात तारखा पडत जातात. साक्षीच्या आधी मी तिला रिकाम्या कोर्टात नेलं. न्यायाधीश कुठे बसतात, पाणी कुठे मिळतं, कंटाळा आला तर कसं सांगायचं, हे दाखवलं. साक्षीच्या दिवशी मध्ये पडदा होता. आरोपी तिला दिसला नाही. बचाव पक्षाच्या वकिलांचे प्रश्न पॉक्सोमध्ये न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात. एक प्रश्न नेहमीचा होता, "इतके महिने का सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर खाला रडली असती."

बाहेर आल्यावर तिने दोन वडापाव खाल्ले आणि विचारलं, "आता परत सांगावं लागणार नाही ना?" ती पुढे शिकते आहे. आरोपीला शिक्षा झाली. अपील चालू आहे.

सगळे खटले असे संपत नाहीत. दुसऱ्या एका मुलीने साक्षीच्या दिवशी "काही झालंच नाही" असं सांगितलं. आदल्या रात्री घरात काय झालं असेल, याचा अंदाज मला होता. आरोपी सुटला. मी त्या मुलीवर रागावले नाही. माझा नंबर तिच्याकडे आहे. कधी कधी रात्री तिचा फोन येतो, ती गणिताबद्दल बोलते आणि ठेवून देते. तेही माझं काम आहे.

वाचक भगिनींनो, देव न करो, पण तुमच्या घरात, नात्यात किंवा शेजारी कोणी असं काही सांगितलं, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. पहिलं वाक्य "खरंच का?" असं नको. "बरं केलंस सांगितलंस. तुझी चूक नाही," एवढं म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते प्लॅस्टिकच्या नाही, कागदी पिशवीत ठेवा. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू होणं महत्त्वाचं असतं. उशीर झाला असेल तरीही रुग्णालयात जाच. उपचाराचा आणि तक्रारीचा हक्क संपत नाही. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंद करता येते. तिला झीरो एफआयआर म्हणतात. मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181 आणि तातडीच्या वेळी 112 हे क्रमांक आहेत. जिल्ह्यातलं 'सखी' वन स्टॉप सेंटर आणि मोफत वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कुठे आहे, हे आजच विचारून ठेवा. गरज पडण्याची वाट पाहू नका.

आणि तुमच्यापैकी शिकलेल्या मुलींना एक विनंती. या कामात आपल्या मुली फार कमी आहेत. समाजकार्याचं शिक्षण घ्या, कायदा शिका, बालकल्याण समितीत जाऊन चौकशी करा. कोर्टातल्या बाकावर घाबरून बसलेल्या आईला आपल्या बोलीत बोलणारं कोणी भेटलं की तिचा अर्धा थरकाप तिथेच ओसरतो.

"तुम्ही आपल्यातल्याच ना?" असं तिने विचारलं, तर तिला ठामपणे "हो" म्हणणारं कोणीतरी तिथे हवं. त्या "हो"चा अर्थ 'मी हे झाकून टाकीन' असा नसावा. 'शेवटपर्यंत तुझ्या शेजारी बसून राहीन' असा असावा. अल्लाह आपल्या सगळ्यांना तेवढी हिंमत देवो. आमीन.