उसण उतरली, पुढे काय?

डिसेंबर-जानेवारीत जुन्नर-आंबेगावात रब्बी कांद्याची लागण जोरात असते. बाया दिवसभर वाफ्यात वाकून रोपं लावतात. पावसाळ्यात आहुप्याकडच्या आदिवासी पट्ट्यात भाताची आवणी, तीही वाकूनच. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वीस-वीस किलोचे क्रेट उचलून गाडीत चढवायचे. यातच कधीतरी कंबर धरते, उसण भरते. शेक, गोळ्या, थोडा आराम होतो आणि दुखणं थांबलं की माणूस पुन्हा रानात. बऱ्याच जणांची उसण मात्र काही महिन्यांत परत येते. ती का येते आणि पिलाटीजच्या व्यायामाची तत्त्वं तिथे कशी कामी येतात, ते क्रमाने पाहू.

जर्मनीत १८८३ साली जन्मलेले जोसेफ पिलाटीज पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या नजरकैदेत होते. त्या काळात आकाराला आलेली आपली पद्धत त्यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये शिकवली. दुखापत झालेले नर्तक त्यांच्याकडे येत. ते या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणत, कारण तिचा भर ताकदीआधी ताब्यावर आहे. श्वास, एकाग्रता, शरीराचा मध्यभाग, नियंत्रण, अचूकता आणि सलगता ही सहा तत्त्वं त्यांच्या पश्चात अनुयायांनी मांडली.

आता उसण परत का येते, ते पाहू. पोटाच्या भिंतीत सर्वांत आत एक आडवा स्नायू असतो. निरोगी माणसाने हात उचलला, तर हात हलण्याआधीच तो आवळतो आणि कण्याला आधार देतो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये हा स्नायू उशिरा जागा होतो, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना १९९६ साली दिसलं. मणक्यांना लागून असलेला मल्टिफिडस नावाचा स्नायू तर पहिल्या उसणीनंतर दुखणं गेलं तरी आपोआप पूर्ववत होत नाही, हेही त्याच वर्षी पुढे आलं. म्हणजे वेदना थांबते तेव्हा दुरुस्ती अर्धीच झालेली असते.

उरलेली दुरुस्ती पिलाटीजच्या तत्त्वांनी तीन टप्प्यांत करायची. पहिला टप्पा श्वासाचा. सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे दुमडा. कमरेखालची नैसर्गिक पोकळी तशीच राहू द्या. कमरेच्या पुढच्या दोन हाडांच्या किंचित आतल्या बाजूला बोटं टेकवा. श्वास घेताना फासळ्या दोन्ही बाजूंना फुगू द्या. सोडताना, लघवी रोखून धरावी तसा खालचा भाग हलकेच वर ओढा आणि बेंबीखालचं पोट आत घ्या. बोटांखाली मंद ताण जाणवला की जमलं. बोटं वर ढकलली गेली तर जोर जास्त झाला.

दुसरा टप्पा: तोच ताबा ठेवून एक टाच जमिनीवरून सावकाश पुढे सरकवा आणि परत आणा. कंबर हलली की तिथेच थांबा. तुमची आजची हद्द तेवढीच. हे जमलं की कंबर जमिनीवरून उचलण्याचा व्यायाम करा. मग हात-गुडघ्यांवर येऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करा.

तिसरा टप्पा कामाचा. पाठीला उभी काठी लावा. ती डोकं, पाठ आणि माकडहाड अशा तिन्ही जागी टेकलेली ठेवून खुब्यातून वाका. मग रिकामा क्रेट उचला, मग थोडं-थोडं वजन वाढवा. क्रेट अंगालगत धरा आणि वळताना पावलं वळवा. लागणीत दिवसभर पाठ सरळ राहणं शक्य नाही. म्हणून वाफा संपला की उभं राहून कंबर मोकळी करायची, लावणं आणि रोपं वाहणं आलटून-पालटून करायचं. दिवसभर पोट आवळून मात्र फिरू नये.

व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी निवळलं, तर चालेल. कळ पायात उतरू लागली तर एक टप्पा मागे या. हाडं ठिसूळ झाली असतील किंवा गादी सरकली असेल, तर उताणं झोपून पाठ गोल करत उठण्याचे पिलाटीजचे प्रकार टाळा. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप येणं किंवा पडल्यानंतर तीव्र दुखणं, यातलं काही असेल तर व्यायाम करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यानुसार, जुनाट कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा पिलाटीज बरं. इतर व्यायामांहून ते सरस असल्याचा ठोस पुरावा मात्र मिळाला नाही. आपल्याकडे ही दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण यंत्रं आणि महागडे वर्ग यांच्यावाचून काही अडत नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावं, मग सतरंजी आणि काठी पुरते. घरच्यांनी काही आठवडे हंडे-कळशा स्वतः उचलाव्यात. आणि दुखणं थांबलं म्हणून व्यायाम सोडू नये. कण्याला आधार देणाऱ्या त्या आतल्या स्नायूंची खरी मशागत तेव्हाच सुरू करायची असते.