स्टेअरिंग ढिलं झालं तर नुसता पेच कसू नका



मागच्या दिवाळीनंतर साकोलीजवळच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. रक्कम 9,000 रुपये. कारण लिहिलं होतं, 'जुन्या जीपचं स्टेअरिंग दुरुस्त करणे'. बैठकीत कुजबुज सुरू झाली. बियाण्याला, शेळीला, शाळेच्या फीला आपण कर्ज देतो. जीपच्या स्टेअरिंगला कसं द्यायचं?

अर्ज करणारी काकू उठून म्हणाली, "माझ्या सासऱ्यांची जीप आहे. आता पोरगा चालवतो. लग्नाला जात होतो, गाडीत आम्ही चौघी. मामा तलावाच्या पाळीवर वळण आलं. पोरानं स्टेअरिंग फिरवलं, पण जीप सरळच जात राहिली. पाण्यापासून हातभर अंतरावर थांबली."

सगळ्या गप्प झाल्या. मग काकूने आणखी एक गोष्ट सांगितली. महिनाभर आधीच एका ठिकाणी पैसे देऊन ते स्टेअरिंग 'टाईट' करून आणलं होतं. मग असं झालंच कसं? पैसे मंजूर करण्याआधी हे समजून घ्यायचं ठरलं. मी काकूसोबत हायवेजवळच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेले. तिथे दोन दिवसांत जे पाहिलं, तेच आज सांगते.

आधी जीपबद्दल थोडं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज कंपनीने सैन्यासाठी जीप बनवल्या. आपल्याकडे महिंद्रा कंपनीने 1947 पासून मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली. पुढे उंच बोनेटची जीप आली आणि ती खेड्यापाड्यांत पोचली. काकूची जीप त्याच जातीची.

या जीपचं स्टेअरिंग कसं चालतं? गोल चाकाखालून लांब दांडा निघतो आणि लोखंडी डब्यात शिरतो. त्या डब्याला स्टेअरिंग बॉक्स म्हणतात. दांड्याच्या टोकाला जाड स्क्रूसारखा भाग असतो, त्यावर आट्यांसारखी फिरती खाच असते. त्या खाचेत दोन निमुळत्या पिना बसतात. पिना एका आडव्या शाफ्टला जोडलेल्या असतात. आपण स्टेअरिंग फिरवलं की पिना खाचेतून सरकतात आणि शाफ्ट थोडा वळतो. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला पिटमन आर्म असतो, तो पुढेमागे हलतो. तिथून ड्रॅग लिंक, मग बेल क्रँक, मग टाय रॉड आणि शेवटी पुढची चाकं. हात बराच फिरतो आणि चाक थोडंच वळतं, म्हणून जड गाडीसुद्धा माणसाच्या ताकदीने वळते.

आता ढिलाई म्हणजे काय? जात्याचा खुंटा सैल झाला तर काय होतं आठवा. हात पुढे जातो, खुंटा डुगडुगतो आणि मग पाळू फिरते. तो मधला रिकामा हेलकावा म्हणजेच ढिलाई. मिस्त्री लोक त्याला 'प्ले' म्हणतात. हाताने सांगितलेलं चाकापर्यंत उशिरा पोचतं. सरळ रस्त्यावर ते चालून जातं, पाळीवरच्या वळणावर चालत नाही.

बॉक्सच्या झाकणावर एक पेच असतो. तो कसला की पिना खाचेत आणखी आत जातात आणि ढिलाई कमी झाल्यासारखी वाटते. काकूच्या जीपला आधी एवढंच केलं होतं. यात धोका आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून खाच मधल्या भागात जास्त झिजते, कडेला कमी. मधली ढिलाई जाईपर्यंत पेच कसला, तर पूर्ण वळणावर पिना अडकतात. स्टेअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपसूक सरळ यायला हवं ते येत नाही. मिस्त्री म्हणाले, "पेच कसून ढिलाई लपते जी, झीज काही भरून निघत नाही."

मग त्यांनी झीज शोधली. ही तपासणी आपल्यालाही जमते. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडाच्या ओंडक्याची अडण. एकीने आत बसून स्टेअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवायचं. दुसरीने बाजूला बसून पिटमन आर्मपासून चाकापर्यंत एकेक जोड पाहायचा. ज्या जोडाला एका बाजूने हालचाल मिळते आणि दुसऱ्या बाजूला ती पोचत नाही, तो जोड झिजलेला. हात हलतो आणि पिटमन आर्मच हलत नाही, तर दोष बॉक्सकडे.

काकूच्या जीपमध्ये दोन ठिकाणी झीज निघाली, बॉक्समध्ये आणि बेल क्रँकमध्ये. नुसता बॉक्स नवा केला असता तरी अर्धी ढिलाई तशीच राहिली असती आणि पैसे गेले असते.

बॉक्सचं काम असं झालं. पिटमन आर्म आणि शाफ्टवर आधी खूण केली, म्हणजे परत त्याच जागी बसेल. आर्म पुलर लावून काढला. तिथे हातोडा मारला तर आतल्या पिना आणि खाच दुखावतात. बॉक्स उघडून रॉकेलने धुतला. पिना एका अंगाने चपट्या झाल्या होत्या. वरखालची बेअरिंग, शाफ्टचे बुश आणि तेलाचं सील बदललं. पिनांचा शाफ्ट आणि खाचेचा दांडा दोन्ही बदलले.

जोडताना क्रम महत्त्वाचा. आधी दांड्याचा वरखाली हेलकावा काढायचा. त्यासाठी झाकणाखाली शिम नावाच्या पातळ चकत्या कमीजास्त करतात. त्यानंतर स्टेअरिंग बरोबर मधोमध ठेवून झाकणावरचा पेच लावायचा. मध्यावर किंचित घट्ट लागलं पाहिजे आणि दोन्ही टोकांपर्यंत कुठेही न अडकता फिरलं पाहिजे. शेवटी 90 नंबरचं गिअर ऑइल. पुष्कळ जण गळती थांबवायला बॉक्समध्ये ग्रीस भरतात. ग्रीस एकदा बाजूला सरलं की परत खाचेत वाहून येत नाही, आणि लोखंडावर लोखंड घासतं.

बाहेरच्या जोडांत बेल क्रँकची पिन आणि बेअरिंग बदललं. प्रत्येक नटाला नवी स्प्लिट पिन लावली, जुनी सरळ करून परत वापरली नाही. चाकांचं अलाइनमेंट केलं, मग मोकळ्या मैदानात हळू चालवून पाहिली. आणि एक गोष्ट मिस्त्रींनी दोनदा बजावली: पिटमन आर्म किंवा लिंकला तडा असेल तर वेल्डिंग करायचं नाही. तापवलेल्या लोखंडाची मूळ ताकद जाते. तो भाग बदलायचाच.

काकूच्या पोराला ही जीप भाड्याने चालवायची होती. त्याबद्दलचा नियम सगळ्यांनी ऐकून ठेवा. खासगी नोंदणीच्या गाडीत भाड्याने माणसं नेता येत नाहीत, त्याला परवाना लागतो. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे तपासणी करून 5-5 वर्षांनी वाढवावी लागते. 2021 पासून 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणूनही नोंदवता येते. पण तशी नोंद केली, की ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणून 'जुनी जीप घेऊ, धंदा करू' असा अर्ज आला, तर आधी कागद पाहा.

गटाने कर्ज मंजूर केलं, दोन अटींवर. काम पूर्ण होईपर्यंत जीप रस्त्यावर न्यायची नाही, आणि काढलेले जुने भाग बैठकीत आणून दाखवायचे. काकूने ते पिशवीतून आणले. चपट्या झालेल्या पिना सगळ्यांच्या हातून फिरल्या. ज्या त्या दिवशी जीपमध्ये होत्या, त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरल्या. कर्जाचे हप्ते वेळेवर येत आहेत.

मैत्रिणींनो, घरची जीप असो, ट्रॅक्टर असो की टेम्पो, त्यात आपण आणि आपली लेकरं बसतो. स्टेअरिंगच्या कामाला पैसे देताना हे चार प्रश्न विचारा. झीज नेमकी कुठे आहे, मला हलवून दाखवा. नुसता पेच कसला की भाग बदलला? काढलेला भाग कुठे आहे? दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं का?

प्रश्न विचारायला लाजू नका. चांगला मिस्त्री राग मानत नाही, उलट गाडीखाली बोलावून दाखवतो. पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या गाड्यांची यादी करा आणि एकेकीची तपासणी करून घ्या.