आधी रस्ता, मग डिस्ने

डिसेंबर संपत आला की डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांना नाताळ ते नववर्ष अशी सुट्टी लागते आणि इंटरस्टेट ७५ च्या दक्षिणेकडे जाणाऱ्या लेन तुडुंब भरतात. डिकीत सामान, टपावर पेट्या, आणि त्यातल्या कितीतरी गाड्या निघालेल्या असतात फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला. ट्रॉय, नोव्हाय या उपनगरांत राहून वाहन उद्योगात नोकरी करणारी मराठी मंडळीही त्या गर्दीत असतात. बहुतेक गाड्यांत कुटुंबं असतात, पुढे आलटून पालटून चालवणारे दोघे आणि मागे भांडणारी दोन मुलं. काहींत मात्र एकच माणूस असतो. मिशिगनमधून निघून ओहायो, केंटकी, टेनेसी आणि जॉर्जिया ओलांडायचं, ऐन थंडीत सुमारे १,८५० किलोमीटर एकट्याने गाडी हाकायची, म्हणजे मुंबई-दिल्ली अंतराच्या सव्वापटीहून जास्त, आणि ते कशासाठी, तर एका थीम पार्कसाठी! ऐकणारा आधी ‘डोकं ठिकाणावर आहे ना?’ असंच विचारणार. विमानाने हेच अंतर अडीच-तीन तासांत कापता येतं. पण ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड आज जिथे आहे तिथे ते केवळ रस्त्यामुळे आहे. रस्ता हा त्या पार्कचा अर्धा भाग आहे, आणि एकट्या प्रवाशाच्या वाट्याला येतो तो याच भागाचा मोठा हिस्सा. या प्रवासात धोका आहेच, पण लोक तो उत्तरेच्या बर्फात शोधतात, तिथे तो तितकासा नाही.

वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, तेव्हाही जागा निवडताना शेजारून जाणाऱ्या नव्या सँटा ॲना फ्रीवेचा हिशेब केलेला होता. पुढच्याच वर्षी, २९ जून १९५६ रोजी, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने ४१,००० मैलांचं इंटरस्टेट जाळं मंजूर झालं आणि खर्चाचा ९० टक्के भार केंद्राने उचलला. डिस्नेलँड चाललं झकास, पण मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडून तिथे फार थोडे लोक यायचे, आणि देशाची बहुतेक लोकसंख्या तर पूर्वेलाच होती. तेव्हा दुसऱ्या पार्कसाठी नोव्हेंबर १९६३ मध्ये डिस्ने विमानातून मध्य फ्लोरिडा पाहायला निघाले. खाली दलदल, पाइनची झाडं, संत्र्यांच्या बागा, आणि ऑर्लँडोपाशी दोन रस्त्यांची फुली: एक इंटरस्टेट ४ (आय-४), दुसरा आज ज्याला फ्लोरिडा टर्नपाइक म्हणतात तो टोल रस्ता. जागा ठरली ती या फुलीमुळे. मग बेनामी कंपन्यांच्या नावावर २७,००० एकरांहून जास्त जमीन घेतली गेली, सरासरी एकरी २०० डॉलरच्या आत. ऑक्टोबर १९६५ मध्ये ऑर्लँडोच्या दैनिकाने खरेदीदाराचं नाव फोडलं आणि उरलेल्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले. समुद्रकिनारा तासाभराच्या अंतरावर, डोंगर तर नाहीच, बघण्यासारखं जुनं शहरही नाही. एवढा मोठा पैसा तिथे ओतण्याचं कारण हेच, की उत्तरेकडून खाली येणारी मोटार तिथे आपोआप पोचणार होती. ऑर्लँडोची नागरी विमानसेवा तेव्हा मॅककॉय या हवाई दलाच्या तळावरूनही चालायची. विमान तिकिटावर आजही छापला जाणारा ‘एमसीओ’ हा संकेत त्या तळाच्याच नावाचा.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी पार्क उघडलं. वॉल्ट डिस्ने त्याआधी जवळपास पाच वर्षं गेले होते. पण मोटारीने येणाऱ्या माणसाचा त्यांनी केलेला विचार मांडणीत उतरला होता. मॅजिक किंगडमच्या वाहनतळावर बारा हजारांवर गाड्या मावतील एवढी जागा ठेवली, आणि मुद्दाम फाटकापासून दूर ठेवली. तिथे गाडी लावून कुणी थेट आत जाऊ शकत नाही. मधे तळं आहे, ते बोटीने ओलांडायचं किंवा मोनोरेलने त्याला वळसा घालून जायचं. हजार मैल गाडीत बसून आलेल्या माणसाला गाडी विसरायला लावायची असेल तर ती आधी नजरेआड करावी लागते, हे रचनाकारांना चांगलं कळत होतं. रस्त्याच्या मागोमाग पार्क येण्याचा प्रकार आपल्यालाही परका नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि २०१३ मध्ये त्यालगत खोपोलीजवळ इमॅजिका उभं राहिलं. त्याआधी १९८९ पासून चाललेल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायला बहुतेक मुंबईकरांना बोटीत बसावं लागायचं.

हिवाळ्यात दक्षिणेला जाण्याचा हा ओघ मात्र डिस्नेपेक्षा बराच जुना आहे. मायामी बीचच्या जमिनी विकणारे कार्ल फिशर यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये डिक्सी हायवेची आखणी सुरू झाली, ती उत्तरेतल्या पैसेवाल्यांना मोटारीने फ्लोरिडात आणण्यासाठीच. आजचा आय-७५ बराचसा त्याच दिशेने उतरतो. वाटेत कोठारांच्या छपरांवर ‘रॉक सिटी पाहा’ असं ठळक अक्षरांत रंगवण्याची पद्धत १९३० च्या दशकात सुरू झाली. चॅटनूगाजवळच्या डोंगरावरच्या एका बागेची ती जाहिरात, आणि त्यातली काही छपरं अजून तशीच आहेत. हा रस्ता सगळ्यांना सारखाच मोकळा नव्हता, हेही सांगायला हवं. कृष्णवर्णीय प्रवाशाला वाटेत कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, याची यादी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांना १९३६ पासून पुस्तकरूपाने छापावी लागत होती, आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत ते पुस्तक जवळ असणं ही चैन नव्हती. आज त्याच रस्त्यावरच्या मोटेलच्या काउंटरमागे बहुधा एखादे पटेल असतात. अमेरिकेतली निम्म्याहून अधिक मोटेलं भारतीय वंशाच्या, मुख्यतः गुजराती मालकांची आहेत.

या रस्त्याने जाण्यात विमानात न मिळणारं जे आहे ते म्हणजे ऋतू बदलताना दिसणं. डेट्रॉइट ४२ अंश उत्तर अक्षांशावर, ऑर्लँडो साडेअठ्ठावीसवर, जवळपास दिल्लीच्याच रेषेत. जानेवारीत डेट्रॉइटला दुपारचं तापमान शून्याच्या आसपास, ऑर्लँडोला बावीस अंशांच्या. विमानातून उतरणाऱ्याला हा फरक दारातच एकदम भेटतो. गाडीतल्याला तो हप्त्याहप्त्याने मिळतो. ओहायोच्या सपाट शेतांवर वाऱ्याने पसरलेला बर्फ, सिनसिनाटीला नदी ओलांडल्यावर केंटकीचे चढउतार, टेनेसीच्या सीमेवर जेलिको डोंगराचा अवघड उतार, जॉर्जियात तांबडी माती आणि पाइन, मग दुभाजकावरचं गवत हिरवं होतं, आणि कुठेतरी मेकनच्या खाली जॅकेट मागच्या सीटवर जातं. फ्लोरिडात शिरल्यावर ओकच्या फांद्यांवरून करडं शेवाळ लोंबताना दिसतं. संत्र्याच्या बागा मात्र आता ऑर्लँडोच्या आसपास कमीच दिसतात. डिसेंबर १९८३, जानेवारी १९८५ आणि डिसेंबर १९८९ च्या कडाक्याच्या थंडीत त्या जळाल्या आणि त्या जमिनींवर घरं उठली. क्लेरमाँटला १९५६ मध्ये बागा दाखवण्यासाठी बांधलेला सिट्रस टॉवर अजून उभा आहे. वरून दिसतात ती मुख्यतः घरांची छपरं.

पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. जाऊन-येऊन ३,७०० किलोमीटर म्हणजे साध्या सेडानला तीनशे लिटरच्या घरात पेट्रोल, शिवाय वाटेतले मुक्काम. चौघांत हा खर्च वाटला की गाडी स्वस्त पडते, एकट्याला बहुतेक वेळा विमानच परवडतं. तीनशे लिटर पेट्रोल जाळल्यावर साडेसहाशे-सातशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो सगळा एकाच माणसाच्या नावावर. म्हणजे पर्यावरणाच्या बाजूनेही एकट्याची गाडी हरते. विजेची गाडी घेतली तर हे गणित सुधारतं, पण कडाक्याच्या थंडीत हीटर चालू ठेवल्यावर एका चार्जमधलं अंतर खूप घटतं. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०१९ च्या चाचणीत उणे सात अंशांना ही घट सरासरी ४१ टक्के भरली, आणि ती नेमकी प्रवासाच्या पहिल्या दिवशी भोवते. तेव्हा काटकसर म्हणून या प्रवासाचं समर्थन कुणी करू नये. आठवडाभराच्या वर राहायचं असेल आणि तिथे गाडी भाड्याने घ्यावी लागणार असेल, तर तफावत कमी होते, एवढंच.

दुसरा आक्षेप जिवाचा, आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. लोक ओहायोतल्या बर्फाला भितात. पण ओहायोकडे मीठ फवारणारे ट्रक आहेत, बर्फ ढकलणारे नांगर आहेत, आणि तिथल्या चालकांना सवय आहे. अटलांटाकडे ही यंत्रणा तुटपुंजी होती म्हणून २८ जानेवारी २०१४ रोजी अडीच इंचांच्या आसपास बर्फाने ते शहर ठप्प झालं आणि हजारोंनी रात्र रस्त्यावर गाडीत काढली. याच आय-७५ वर टेनेसीत कॅलहूनजवळ ११ डिसेंबर १९९० च्या सकाळी दाट धुक्यात ९९ गाड्या एकमेकांवर आदळून १२ जण मेले; त्यानंतर तिथे धुकं ओळखणारी यंत्रणा बसवली गेली. फ्लोरिडात गेन्सव्हिलजवळ २९ जानेवारी २०१२ च्या पहाटे धूर आणि धुकं एकत्र येऊन ११ जणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी बर्फाचा कण नव्हता. आणि एकट्या चालकाचा सर्वांत मोठा शत्रू याहून साधा आहे, तो म्हणजे झोप. सलग सतरा-अठरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं प्रयोगांत दिसून आलं आहे. इंटरस्टेट सरळ आहे, सिग्नल नाहीत, क्रूझ कंट्रोल लावलेला, हीटरची ऊब, आणि पहाटे दोन ते चार ही शरीराची सर्वांत ढिली वेळ. रस्ता जितका चांगला, तितकी पेंग सहज येते.

उपाय मात्र आयता उपलब्ध आहे. अमेरिकेत मालवाहू ट्रकच्या चालकाला सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर पुढच्या चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, आणि आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची सुट्टी सक्तीची आहे. जन्मभर हेच काम करणाऱ्याला सरकार एवढं बांधून घालतं, आणि वर्षातून एकदा निघणारा हौशी प्रवासी थांबे धरून वीस तासांचं अंतर ‘एका दमात मारलं’ म्हणून मिरवतो, हा उफराटा न्याय आहे. ट्रकवाल्याचाच नियम स्वतःला लावला तर डेट्रॉइटहून पहिला मुक्काम नॉक्सव्हिलच्या आसपास, दुसरा जॉर्जियाच्या दक्षिण टोकाला व्हॅल्डोस्टाला, आणि तिसऱ्या दिवशी वाइल्डवुडहून टर्नपाइक पकडून दुपारी ऑर्लँडो. न्यू जर्सी किंवा वॉशिंग्टनकडच्यांना आणखी एक सोय आहे. डिस्ने वर्ल्ड उघडल्यावर दोनच महिन्यांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, व्हर्जिनियातल्या लॉर्टनहून ऑर्लँडोजवळच्या सॅनफर्डपर्यंत प्रवाशांसकट त्यांच्या गाड्या नेणारी ऑटो ट्रेन सुरू झाली. आता ती अ‍ॅमट्रॅक चालवते. नुसतं पोचायचं असतं तर लोक विमानाने गेले असते. गाडी सोबत हवी म्हणूनच ते रेल्वेला वेगळे पैसे मोजतात.

‘पण तिथे एकटा जाऊन करणार काय?’ हा शेवटचा प्रश्न जरा कुत्सितपणे विचारला जातो. त्याचं उत्तर राइडच्या बाकांच्या हिशेबात आहे. दोन-दोन किंवा चार-चार जणांच्या ओळी असलेल्या राइडमध्ये तिघांचं कुटुंब बसलं की एक जागा रिकामी राहते. ती भरायला काही राइडना ‘सिंगल रायडर’ नावाची वेगळी रांग असते. डिस्नेच्या एक्स्पिडिशन एव्हरेस्टसारख्या राइडना ती आहे, युनिव्हर्सलच्या पार्कांतही आहे. पुष्कळदा ती मुख्य रांगेहून बरीच लवकर पुढे सरकते. जी व्यवस्था कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून बांधली तिच्यात एकटा माणूस असा फटीत बसतो आणि त्याचा त्याला फायदाच होतो. फक्त नाताळ ते नववर्ष हा आठवडा त्याने टाळावा. तो वर्षातला सर्वांत गर्दीचा असतो. कारखान्याच्या सुट्टीला बांधलेला नसेल तर जानेवारीचा उत्तरार्ध बरा.

परतीचा विचार निघतानाच करावा लागतो, कारण उलट दिशेने हवा बिघडत जाते आणि शरीरही थकलेलं असतं. उत्तरेत पुढच्या ट्रकच्या चाकांतून मीठ मिसळलेला चिखल उडतो आणि काच दोन-तीन सेकंदांत पांढरी होते. तेव्हा वायपरचं पाणी नळीत गोठलं असेल तर समोरचं काही दिसत नाही. फ्लोरिडात जे वायपरचं पाणी विकतात ते सहसा न गोठणाऱ्या प्रकारचं नसतं. म्हणून जाताना घरूनच निळ्या रंगाचा, उणे तापमानाला चालणारा एक कॅन डिकीत टाकावा आणि परतताना टेनेसी लागण्याआधी टाकीतलं पाणी संपवून तो ओतावा. टायरचंही तसंच: फ्लोरिडाच्या उन्हात जास्त वाटली म्हणून हवा कमी केली, तर ओहायोच्या पहाटे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागणार, कारण तापमान साडेपाच अंश सेल्सियसने उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने घटतो. आणि रजेतला एखादा दिवस हाताशी उरत असेल तर तो पार्कात खर्च न करता परतीला ठेवावा. केंटकीत वादळाचा इशारा लागला तर तो टळेपर्यंत नॉक्सव्हिललाच थांबता येतं.