संकल्पचित्र नोंदणीसाठी वस्तूचे छायाचित्रण

दादरा व नगर हवेलीतील सिल्वासा व त्याच्या आसपासच्या औद्योगिक परिसरात प्लास्टिकच्या वस्तू तयार करणारे अनेक कारखाने आहेत. साच्यातून निघालेली वस्तू एकदा बाजारात आली की तिची नक्कल होण्यास वेळ लागत नाही. नवे रूप ज्याने योजिले त्याला त्याचा हक्क मिळावा, यासाठी संकल्पचित्रे अर्थात डिझाईन अधिनियम, 2000 हा कायदा 11 मे 2001 पासून अंमलात आहे. नोंदणीनंतर हा हक्क 10 वर्षे व मुदत वाढवून घेतल्यास आणखी 5 वर्षे टिकतो.

हा हक्क डोळ्यांना दिसणाऱ्या रूपापुरताच असतो. वस्तूचे कार्य कसे चालते, हा विषय 1970 च्या पेटंट अधिनियमाकडे जातो. त्यामुळे मोजणीच्या नकाशावरून जशी शेताची हद्द कळते, तशी अर्जासोबतच्या चित्रांवरून या हक्काची हद्द कळते. चित्रे रेखाटणाऱ्यासमोर मूळ वस्तू नेहमीच असते असे नाही. अशा वेळी छायाचित्रांवरच त्याची सारी भिस्त असते, आणि छायाचित्रातील चूक रेखाटनात जशीच्या तशी उतरते.

समजा, एखाद्या कारागिराने एका बाजूस मूठ असलेली नव्या घडणीची कळशी तयार केली. तिची समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून व खालून अशी सहा आणि तिरकस कोनातून एक, अशी सात छायाचित्रे घ्यावीत. बुडाचे छायाचित्र विसरू नये. तेथेही कडा वा खाचा असू शकतात.

सर्वांत मोठी चूक घडते ती कॅमेरा जवळ नेल्याने. कळशी 30 सेंटिमीटर खोल असून तिचा पुढचा भाग कॅमेऱ्यापासून 1 मीटरवर असेल, तर मागचा भाग पुढच्याच्या सुमारे 77 टक्के आकाराचा दिसतो. 4 मीटरवरून तोच भाग सुमारे 93 टक्के दिसतो. म्हणून दूर उभे राहून झूम वापरावा. कॅमेरा तिपाईवर, वस्तूच्या मध्याच्या उंचीला, सरळ रोखलेला असावा. तो जागचा न हलविता वस्तूच पाटावर पाव-पाव फेरी फिरवावी. पाटावर खडूच्या खुणा केल्या की काम सोपे होते. या कामी महागडा कॅमेरा लागतो हा समज निराधार आहे.

गुळगुळीत प्लास्टिकवर खिडकीचे प्रतिबिंब पडते आणि रेखाटणारा त्या चकाकीलाच उंचवटा समजतो. यासाठी फ्लॅश टाळून ओसरीच्या सावलीतील मंद उजेड घ्यावा व मागे वस्तूहून वेगळ्या रंगाचे, सुरकुती नसलेले कापड ताणून लावावे. मापासाठी फूटपट्टी शेजारी ठेवून एक वेगळा संच घ्यावा. तो केवळ रेखाटणाऱ्यासाठी होय. अर्जाच्या चित्रांत मापे, खुणेचे आकडे वा अन्य वस्तू नसाव्यात. छायाचित्रेही थेट अर्जासोबत देता येतात, मात्र प्रतिबिंबे व सावल्या टाळणे अवघड असेल तेथे रेखाटन अधिक स्पष्ट ठरते.

येथे एका धोक्याकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. अर्जापूर्वी तेच रूप भारतात वा अन्य देशात प्रकाशनाने किंवा वापराने लोकांसमोर आले असेल, तर नोंदणी मिळत नाही. उत्साहाच्या भरात व्यापाऱ्यांना धाडलेले किंवा मोबाईलवरील गटात टाकलेले छायाचित्र मालकाच्याच मुळावर येऊ शकते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनास काही सवलत आहे, पण त्यासाठी नियंत्रकांना आधी सूचना द्यावी लागते व 6 महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. विश्वासाने दाखविलेले रूप दुसऱ्याने विश्वासघाताने उघड केल्यास कायदा मालकाचा हक्क बुडू देत नाही; परंतु तो विश्वासघात सिद्ध करावा लागतो. तेव्हा छायाचित्रकार, साचा करणारा व रेखाटणारा यांच्याकडून गुप्ततेचे लेखी वचन आधीच घ्यावे.

दादरा व नगर हवेलीतील अर्जदारांसाठी मुंबईतील अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालय आहे. संकल्पचित्रांच्या अर्जांची तपासणी कोलकाता येथे होते. अर्ज दाखल होईपर्यंत सर्व छायाचित्रे, दिनांक व अनुक्रमांक घालून, एकाच ठिकाणी कुलपात ठेवावीत.